अन्न विषबाधा: शिजवलेल्या, तापवलेल्या आणि फ्रिजमधल्या अन्नातही जिवाणू कसे टिकतात?

अन्न विषबाधेचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा सोबतचे नातेवाईक हमखास म्हणतात, "पण डॉक्टर, आम्ही तर गरम करूनच खाल्लं होतं." कोणी सांगते की भाजी फ्रिजमध्येच होती. कोणी म्हणते की तेच जेवण घरातल्या पाच जणांनी जेवले आणि त्रास फक्त आजीला झाला. हे सगळे खरे असू शकते. उष्णता, थंडी, मीठ, कोरडेपणा आणि जठरातले आम्ल ही अन्न सुरक्षित ठेवण्याची आपली साधने आहेत, आणि जिवाणूंनी या प्रत्येकातून वाट काढण्याची काही ना काही युक्ती साधलेली आहे. ही युक्ती कोणती हे समजले की कोणते अन्न तापवून चालेल, कोणते टाकूनच द्यावे आणि घरात कोणाची जास्त काळजी घ्यावी, याचा अंदाज तुम्हाला स्वतःलाच येऊ लागेल.

अन्न विषबाधा हा एकच आजार नाही, हे आधी लक्षात घ्या. काही वेळा जिवाणू अन्नातच विष तयार करून ठेवतात आणि आपण ते तयार विष खातो. काही वेळा जिवंत जिवाणू पोटात जातात आणि तिथे विष सोडतात. काही जिवाणू याच्याही पुढे जाऊन आतड्याच्या पेशींमध्ये शिरतात. लक्षणे किती वेळात सुरू होतील, ताप येईल की नाही, अँटिबायोटिकचा उपयोग होईल की नाही, हे सगळे या फरकावर अवलंबून असते.

शिळा भात आणि न मरणारे बीजाणू

आपल्याकडे रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खाण्याची पद्धत घरोघरी आहे आणि त्यात मुळात वाईट काही नाही. प्रश्न असतो तो रात्रभर भात कुठे ठेवला याचा.

तांदळावर बॅसिलस सिरीयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू बहुधा असतातच. हा जिवाणू मातीत राहतो, तिथून धान्यावर येतो. परिस्थिती कठीण झाली की तो स्वतःला एका जाड, बहुपदरी कवचात बंद करून घेतो. आतले पाणी जवळजवळ काढून टाकतो, जनुकीय द्रव्याभोवती खास प्रथिनांचे आवरण घालतो आणि सगळे व्यवहार थांबवतो. हाच बीजाणू. तो खात नाही, वाढत नाही, विष सोडत नाही. तो फक्त वाट पाहतो, आणि ती वाट वर्षानुवर्षेही पाहू शकतो.

पातेल्यात भात शिजतो तेव्हा पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. साधे जिवाणू यात मरतात, बरेच बीजाणू मरत नाहीत. उलट या उष्णतेनेच त्यांना जाग येण्याचा इशारा मिळतो. आता भातात पाणी आहे, पिष्ट आहे, आणि स्पर्धा करणारे बाकीचे जिवाणू मरून गेलेले आहेत. भात कोमट झाला की बीजाणूंना अंकुर फुटतो आणि जिवाणू वाढू लागतात. ओट्यावर झाकून ठेवलेले भाताचे मोठे पातेले मधोमध कित्येक तास कोमट राहते, विशेषतः मे महिन्यात.

प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे पातेल्यापेक्षा तिथे बीजाणू कितीतरी अधिक प्रमाणात मरतात. पण झाकण उघडले, पळी फिरली, हात लागला की जिवाणू पुन्हा येऊ शकतात. म्हणून कुकरचा भात बाहेर ठेवला तर चालतो, असा अर्थ काढू नका.

वाढणारा हा जिवाणू भातात सेरुलाइड नावाचे विष तयार करतो. हे विष सकाळच्या फोडणीत नष्ट होत नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही. १२१ अंशांची उष्णताही ते सहन करते आणि जठरातल्या आम्लानेही त्याला काही होत नाही. भात चांगला वाफाळेपर्यंत गरम केला तर जिवाणू मरतील, पण त्यांनी रात्रभरात करून ठेवलेले विष तसेच राहील. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि जोरदार उलट्या सुरू होतात. ताप सहसा नसतो. बहुतेकांना एका दिवसात बरे वाटते. क्वचित, विशेषतः लहान मुलांमध्ये, या विषाने यकृत निकामी झाल्याचीही उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. उलट्या थांबल्यावरही मूल सुस्त पडून राहिले किंवा डोळे पिवळे दिसू लागले तर वाट पाहू नका.

वास आणि चव यांवर इथे विसंबून चालत नाही. आंबलेला भात आपण ओळखतो, पण तो आंबतो इतर जिवाणूंमुळे. सेरुलाइड असलेला भात दिसायला आणि वासाला अगदी चांगला असू शकतो.

उपाय सोपा आहे. उरलेला भात पसरट ताटात किंवा लहान डब्यांत काढा म्हणजे तो लवकर निवेल, आणि एक ते दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी खाऊन संपवा, एकदाच तापवा. फ्रिज नसेल तर भात मापानेच शिजवणे हा उत्तम उपाय. एखाद्या रात्री भात बाहेर राहून गेला, तर तो फोडणीने वाचत नाही.

मोठ्या पातेल्यातला रस्सा

लग्नाची पंगत, महाप्रसाद, वसतिगृहाची खानावळ. शंभर माणसांचे मटण किंवा डाळ एकाच पातेल्यात शिजते आणि वाढेपर्यंत तीन-चार तास तशीच राहते. इथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा जिवाणू संधी साधतो. त्याचेही बीजाणू उकळीतून वाचतात. त्याला ऑक्सिजन नको असतो, आणि खूप वेळ उकळलेल्या दाट रश्श्यातला ऑक्सिजन आधीच निघून गेलेला असतो. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास तर त्याची संख्या सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. अन्नातल्या जिवाणूंमध्ये इतका वेग फारच थोड्यांना जमतो.

याचे विष मात्र बहुतांशी अन्नात तयार होत नाही. लाखो जिवंत जिवाणू आपण गिळतो. जठरातून वाचलेले जिवाणू आतड्यात पोहोचतात आणि तिथल्या परिस्थितीत पुन्हा बीजाणू बनवायला घेतात. बीजाणू आत तयार झाला की बाहेरची जुनी पेशी फुटते, आणि तिच्यात साठलेले विष त्याच वेळी आतड्यात मोकळे होते. म्हणजे तुमचे जुलाब हे त्या जिवाणूने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी केलेल्या खटाटोपाचा परिणाम असतात.

पोटात कळा आणि पातळ जुलाब सहा ते चोवीस तासांत सुरू होतात, उलट्या व ताप बहुधा नसतात आणि साधारण एका दिवसात त्रास ओसरतो. दुपारच्या पंगतीनंतर रात्री झोपेतून उठावे लागले तर हा जिवाणू संशयितांच्या यादीत वर असतो.

भातापेक्षा इथे एक फरक आहे. हा रस्सा वाढण्याआधी सगळीकडून पुन्हा चांगला उकळला तर वाढलेले जिवंत जिवाणू मरतात आणि धोका बराच कमी होतो. वरवर कोमट करून काहीच साधत नाही. किंबहुना त्याने नुकसानच होते. जिवाणूला थोडी, न मारणारी उष्णता लागली की तो संरक्षक प्रथिने तयार करतो. ही प्रथिने उष्णतेने बिघडणाऱ्या इतर प्रथिनांना सावरून धरतात. त्यामुळे नंतरची जास्त उष्णता तो आधीपेक्षा चांगली सहन करतो. म्हणून अन्न तापवायचे तर भरभर, ढवळत, पूर्ण वाफ येईपर्यंत तापवा. मंद आचेवर तासभर "गरम राहू द्या" म्हणून ठेवलेले पातेले ६० अंशांच्या वर राहत नसेल, तर ते जिवाणूंची उबवणी ठरते.

पेढा, बासुंदी आणि हाताचा जिवाणू

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू साधारण तीनपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात असतो. हातावरच्या पिकलेल्या जखमेत तर असतोच. तो बीजाणू बनवत नाही आणि शिजवल्यावर सहज मरतो. पण खवा, पेढे, क्रीमचा केक, सँडविच हे पदार्थ शिजवल्यानंतर हाताने हाताळले जातात. साखर आणि मीठ पाणी ओढून घेतात म्हणून बहुतेक जिवाणू अशा पदार्थांत वाढत नाहीत. हा मात्र आपल्या पेशीत विशिष्ट रेणू साठवून आतले पाणी धरून ठेवतो आणि इतरांना न मानवणाऱ्या खारट-गोड पदार्थातही वाढतो. स्पर्धा नसल्याने त्याचे फावते. त्याचे विषही उकळून जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते आठ तासांत उलट्या, पोटात पेटके, कधी जुलाब.

भाताचे आणि पेढ्याचे हे दोन्ही प्रकार तयार विषाचे आहेत. त्यात अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो, कारण त्रास आधीच तयार झालेल्या विषामुळे होतो आणि विषावर अँटिबायोटिक चालत नाही. उलट्यांवरून लगेच अँटिबायोटिक लिहून मिळाले नाही तर डॉक्टरांनी काही कमी केले असे समजू नका.

साल्मोनेला: आम्लाची सवय लावून घेणारा

आपल्या जठरातले आम्ल हा शरीराचा पहिला पहारेकरी. उपाशीपोटी त्याचा पीएच साधारण १.५ ते ३ असतो आणि बहुतेक जिवाणू तिथेच संपतात. साल्मोनेलाला एकदम या आम्लात टाकले तर तोही मोठ्या प्रमाणात मरतो. पण आधी सौम्य आंबट वातावरणात काही काळ घालवायला मिळाला, तर तो पेशीतून आम्ल बाहेर काढण्याची आणि बिघडलेली प्रथिने दुरुस्त करण्याची यंत्रणा तयार ठेवतो. नंतरचे तीव्र आम्ल मग त्याला तितके लागत नाही. प्रयोगशाळेत ही गोष्ट वारंवार दिसून आली आहे.

स्निग्ध पदार्थांचीही त्याला मदत होते. तुपाळ, तेलकट अन्नाच्या कणात अडकलेला जिवाणू जठरातून जणू रेनकोट घालून जातो. शिवाय कोरड्या अन्नात तो वाढत नसला तरी महिनोन् महिने जिवंत राहतो, आणि कोरडा पडलेला जिवाणू उष्णतेलाही जास्त दाद देत नाही. ओल्या अन्नात ७० अंशांना तो झटपट मरतो, पण वितळलेल्या चॉकलेटमध्ये त्याच तापमानाला कित्येक तास टिकतो. म्हणूनच कोरड्या आणि स्निग्ध पदार्थांतूनही साथी येतात. अमेरिकेत २००८-०९ मध्ये शेंगदाण्याच्या लोण्यातून पसरलेल्या साथीत ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ९ जणांचा मृत्यू झाला. २०२२ मध्ये युरोपातल्या साथीचे मूळ चॉकलेटमध्ये सापडले. अशा पदार्थांतून शंभराहून कमी जिवाणू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. आपल्याकडे नेहमीची कारणे वेगळी आहेत: अर्धवट शिजलेले अंडे आणि चिकन, कच्चे दूध, आणि चिकन कापलेल्या सुरीने व पाटावर चिरलेली कोशिंबीर. शेवटचे कारण माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. चिकन शिजते, कोशिंबीर शिजत नाही.

जठर पार केल्यावर साल्मोनेला जे करतो ते पाहण्यासारखे आहे. आतड्यात पोहोचल्याची खूण पटली की तो सुईसारखी एक यंत्रणा उभारतो आणि आतड्याच्या पेशीत स्वतःची प्रथिने टोचतो. पेशीच त्याला आत ओढून घेते. तिथून काही जिवाणू आपल्या पांढऱ्या पेशींच्या पोटात जातात. जिवाणूला मारण्यासाठी पांढरी पेशी आपल्या आतल्या पिशवीत आम्ल सोडते, क्षार कमी करते. साल्मोनेला हाच मारा खूण म्हणून वाचतो. आम्ल वाढले, मॅग्नेशियम घटले, म्हणजे आपण शत्रूच्या घरात आहोत, हे ओळखून तो जनुकांचा दुसरा संच चालू करतो आणि त्या पिशवीतच मुक्काम ठोकतो.

आतड्याला सूज येते तीही त्याच्या पथ्यावर पडते. सुजेत तयार होणाऱ्या टेट्राथायोनेट नावाच्या संयुगाचा वापर तो ऑक्सिजनसारखा श्वसनासाठी करतो. आतड्यातल्या आपल्या नेहमीच्या उपयुक्त जिवाणूंपैकी बहुतेकांना हे जमत नाही, त्यामुळे ते मागे पडतात. जुलाब, ताप, पोटदुखी ही आपल्या शरीराची लढाई असते आणि हा जिवाणू त्या लढाईवरच पोसतो.

लक्षणे सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होतात आणि चार ते सात दिवस राहतात. निरोगी प्रौढ माणसाला बहुधा अँटिबायोटिकशिवाय बरे वाटते. औषधाने जुलाबाचे दिवस फारसे कमी होत नाहीत आणि शौचातून जिवाणू बाहेर पडण्याचा काळ मात्र लांबू शकतो. अगदी लहान बाळे, वृद्ध, प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण, किंवा जिवाणू रक्तात पोहोचल्याची शंका असलेले रुग्ण यांची गोष्ट वेगळी. त्यांना औषध लागते. विषमज्वर म्हणजे टायफॉइड हाही साल्मोनेलाच्याच एका प्रकाराने होतो, पण त्याचा कालावधी आणि उपचार वेगळे आहेत. त्याला वरचा नियम लावू नका.

ॲसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या जठरातले आम्ल कमी करतात. अनेक घरांत त्या सकाळच्या चहाआधी वर्षानुवर्षे घेतल्या जातात, कित्येकदा कोणी सुरू केल्या हेही आठवत नसते. आम्ल कमी म्हणजे पहारा कमी. या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर यांचा संसर्ग अधिक आढळतो. तेच जेवण जेवून फक्त आजी आजारी पडली याचे एक कारण इथे असू शकते. वय, मधुमेह आणि इतर आजारही असतात.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. जठराचा व्रण, रक्त पातळ करणारी औषधे अशा कारणांसाठी ती गरजेची असू शकते. पण पुढच्या भेटीत "ही गोळी अजून लागते का?" असे डॉक्टरांना जरूर विचारा, आणि ती चालू आहे तोवर कच्चे अंडे, कच्चे दूध आणि उघड्यावरचे कापलेले फळ टाळा.

फ्रिजमध्ये वाढणारा लिस्टेरिया

तूप थंडीत गोठते आणि शेंगदाण्याचे तेल पातळ राहते, हे आपण रोज पाहतो. जिवाणूच्या पेशीचे आवरणही स्निग्ध पदार्थांचेच असते आणि थंडीत ते तुपासारखे घट्ट होऊन कामे थांबतात. फ्रिजमध्ये अन्न टिकते त्याचे हे एक कारण. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस आपल्या आवरणातली मेदाम्ले बदलून ते तेलासारखे प्रवाही ठेवतो. त्यामुळे फ्रिजच्या ४ अंशांनाही तो हळूहळू वाढत राहतो. शिवाय पृष्ठभागांवर तो चिकट थर करून राहतो आणि तो थर नुसत्या पाण्याने निघत नाही.

थंडी, मीठ, आम्ल यांना तोंड देताना तो जे नियंत्रक प्रथिन वापरतो, तेच प्रथिन आतड्याच्या पेशीत शिरण्यासाठी लागणारी जनुकेही चालू करायला मदत करते. त्याच्याकडे तापमान ओळखणारे बटणही आहे. एका आरएनए रेणूची घडी थंडीत बंद असते आणि ३७ अंशांना, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला, उघडते. मग आजार पसरवणारी प्रथिने तयार होऊ लागतात. फ्रिजमध्ये तो ही शस्त्रे म्यानात ठेवतो आणि शरीरात आल्यावर बाहेर काढतो.

निरोगी माणसाला याचा फारसा त्रास होत नाही. गर्भवती स्त्रीमध्ये मात्र हा संसर्ग होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट असते. आईला फक्त फ्लूसारखा ताप आणि अंगदुखी होते, पण जिवाणू वारेतून बाळापर्यंत पोहोचून गर्भपात, मृत बाळ जन्मणे किंवा नवजात बाळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. वृद्धांना आणि कर्करोगाचे उपचार किंवा स्टिरॉइड घेणाऱ्यांना मेंदूच्या आवरणाचा दाह होतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये 'पोलोनी' नावाच्या तयार मांसपदार्थातून आलेल्या साथीत हजारावर लोक आजारी पडले आणि दोनशेहून अधिक दगावले. त्यात नवजात बाळे बरीच होती.

खाल्ल्यानंतर लक्षणे यायला एक ते चार आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. इतक्या मागचे जेवण कोणाला आठवणार? म्हणून गर्भारपणात कारण नसताना ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून घरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि बाहेरचे तयार मांस, कच्च्या दुधाचे पदार्थ खाल्ले असतील तर आवर्जून सांगा. परदेशात असाल तर मऊ चीज, थंड स्मोक केलेला मासा आणि न तापवता खायचे मांसाचे काप गर्भारपणात टाळा.

मोड आलेली कडधान्ये आणि ई. कोलाय

ई. कोलायचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहतात. काही थोडे प्रकार शिगा नावाचे विष तयार करतात आणि त्यांना आम्लही फारसे बाधत नाही. जर्मनीत २०११ मध्ये कच्च्या मोड आलेल्या मेथीतून आलेल्या साथीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ५० हून अधिक मृत्यू झाले. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही हवीच असते. आपली मटकीची उसळ शिजवलेली असते, तिला हे लागू नाही. कच्चे मोड मात्र गर्भवती, लहान मुले आणि वृद्धांना न देणेच बरे. इतरांनीही वाफवून खावेत.

या संसर्गात जुलाबातून रक्त जाते आणि साधारण आठवडाभराने, विशेषतः मुलांमध्ये, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. यात काही अँटिबायोटिक्समुळे धोका वाढू शकतो. रक्त पडत असताना घरातली उरलेली गोळी देऊ नका, याचे हे मुख्य कारण.

बाळाला मध नको

नवजात बाळाला मध चाटवण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. मधात पाणी इतके कमी असते की त्यात जिवाणू वाढू शकत नाहीत, पण क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमचे बीजाणू त्यात शांतपणे टिकून राहू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाकडे हे संरक्षण पुरेसे नसते. तिथे बीजाणू रुजून विष तयार झाले तर बाळाला बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही, मान ढिली पडते. आजार क्वचित होतो पण जीवघेणा आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नका, बोटावर थेंबभरही नाही. घरातल्या मोठ्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. हवे तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

घरी काय करावे

उलट्या-जुलाबात जीव जातो तो बहुतेक वेळा शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाल्याने. त्यामुळे पहिले औषध म्हणजे जलसंजीवनी, अर्थात ओआरएस. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाणी घ्या. एक लिटरचे पाकीट एका पेल्यात कालवू नका, त्याने जुलाब वाढू शकतात. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमचा-चमचा सुरू करा. पेज, वरणाचे पाणी, ताक चालते. अंगावरचे दूध सुरूच ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलांना झिंक किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. जुलाब एकदम बंद करणारी गोळी मुलांना देऊ नका, आणि ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये.

पुढीलपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा:

- शौचातून रक्त किंवा १०२ फॅरनहाइटच्या वर ताप
- पाणीही पोटात न टिकणे, सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, गुंगी
- तीन दिवसांहून जास्त जुलाब
- दुहेरी दिसणे, पापण्या जड होणे, गिळताना किंवा बोलताना अडखळणे (यासाठी रात्र असली तरी थांबू नका, १०८ ला फोन करा)
- रक्ती जुलाबानंतर काही दिवसांनी लघवी कमी होणे, चेहरा पांढराफटक पडणे
- रुग्ण गर्भवती, सहा महिन्यांखालचे बाळ, अतिवृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला असणे

जुलाब थांबल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी गुडघा, घोटा सुजला किंवा पायांतली ताकद कमी होत गेली, तर तेही त्याच आजाराशी जोडलेले असू शकते. पायांतल्या अशक्तपणासाठी लगेच जा.

फ्रिजबद्दल दोन गोष्टी. आतले तापमान ५ अंशांच्या खाली असावे आणि हवा खेळेल इतकी जागा असावी. ठासून भरलेला फ्रिज मध्ये थंड होत नाही. वीज गेली तर दार उघडू नका. चार तासांपेक्षा जास्त वीज गेली असेल तर शिजवलेले अन्न, दूध, मांस-मासे खाऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना गेल्या तीन दिवसांत काय, कुठे, किती वाजता खाल्ले आणि त्रास किती वाजता सुरू झाला हे लिहून न्या. बऱ्याचदा तपासणीपेक्षा या वेळेवरूनच जिवाणूचा अंदाज येतो, कारण तयार विषाच्या प्रकारात शौचाच्या कल्चरमध्ये काहीच सापडत नाही. एकाच जेवणानंतर अनेकजण आजारी पडले असतील तर उरलेले अन्न फेकू नका. ते झाकून, वेगळे बांधून, "खाऊ नये" असे लिहून फ्रिजमध्ये ठेवा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा पालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. पंगतीतले बाकीचे लोक कदाचित अजून घरी, उद्या बरे वाटेल म्हणून वाट पाहत असतील.